परसातल्या पेरूची वडी: चिकट का राहते, दगड का होते आणि नेमकी कधी उतरवायची

शिरपूरजवळच्या एका ताईंनी विचारलं आहे. परसात पेरूची दोन झाडं आहेत, एक आतून पांढरं आणि एक गुलाबी. थंडीत दोन्ही मिळून 20-25 किलो फळ एकदम हाताशी येतं. गेल्या वर्षी त्यांनी दोनदा वडी करून पाहिली. पहिला घाणा चिकट राहिला, ताटातून निघेना. दुसरा त्यांनी भीतीपोटी इतका आटवला की सुरी चालेना, आणि रंगही काळपट आला. त्यांची मुलगी युरोपात शिकते. तिथं तिनं क्विन्स नावाच्या फळाची, चाकूनं स्वच्छ काप पडतील अशी घट्ट तांबूस वडी खाल्ली. तशी आपल्या पेरूची होईल का, आणि ते फळ इथं मिळतं का, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, होईल. नक्की होईल. मी अमळनेरकडची. गेली 22 वर्षं घरी आणि आमच्या बचत गटात फळांच्या वड्या, पोळ्या, जेली करते आहे, आणि पेरूची वडी हा त्यातला माझा सगळ्यात जिव्हाळ्याचा पदार्थ. तुम्ही लिहिलेलं सगळं नीट वाचलं. दोन्ही वेळा कढईतच काहीतरी बिघडलं असं तुम्हाला वाटतंय. पण 'झाडावर पूर्ण पिकू दिले, वास सुटल्यावर तोडले, मग दोन दिवसांनी वेळ मिळाला' हे तुमचं वाक्य वाचलं आणि मला उत्तर तिथंच सापडलं. वडी बिघडली ती पेरू तोडताना.

त्याकडे येतेच, पण आधी त्या परदेशी फळाविषयी, कारण त्यातून आपल्या वडीचं कोडंही थोडं उलगडतं. क्विन्स मूळचं इराण आणि कॉकेशसच्या बाजूचं, सफरचंद-नासपतीच्या कुळातलं. कच्चं इतकं कडक आणि तुरट की दात लावावासा वाटत नाही. आपल्या देशात ते काश्मीरमध्ये होतं. त्याला कडाक्याची थंडी लागते, त्यामुळे मे महिन्यात 45 अंश सोसणाऱ्या आपल्या खान्देशात त्याचं झाड लावण्याच्या फंदात पडू नका. पण त्याची बी तुम्ही कदाचित पाहिली असेल. काष्ठौषधीच्या दुकानात 'बिहीदाणा' म्हणून मिळते, पाण्यात टाकली की बुळबुळीत चीक सुटतो. फारसीत क्विन्सला बिही म्हणतात. गंमत अशी की आपल्या पूर्वेला, छत्तीसगडात, बिही म्हणजे चक्क पेरू. एका फळाचं नाव दुसऱ्याला चिकटलं.

वडीचंही तसंच झालं. पोर्तुगीज भाषेत क्विन्सला मार्मेलो म्हणतात आणि त्याच्या घट्ट वडीला मार्मेलादा. मार्मालेड हा शब्द तिथूनच आला. पोर्तुगीज ब्राझीलला गेले तिथं क्विन्सच्या जागी पेरू आला आणि गोयाबादा झाली. गोव्यात तोच प्रकार पेराद म्हणून आजही नाताळात करतात. म्हणजे तुमच्या मुलीनं तिकडे खाल्ली ती वडी आणि तुमच्या परसातल्या पेरूची वडी या सख्ख्या चुलत बहिणी आहेत. क्विन्स नाही म्हणून पेरूवर भागवतोय असं मनातही आणू नका. आमच्याकडची जुनी माणसं पेरूला जाम म्हणतात, पलीकडे गुजरातेत जामफळ. नाव काहीही घ्या, वडीसाठी लागणारा गुण या फळात ठासून भरलेला आहे.

तो गुण म्हणजे पेक्टिन. फळाच्या सालीत, गरात आणि बियांभोवतीच्या मऊ भागात असणारा हा पदार्थ पाण्यात विरघळतो आणि साखर व आंबटपणा यांच्या सोबतीनं जाळं धरतो. त्या जाळ्यात पाणी अडकलं की वडी 'बसते'. तिघांपैकी एकही कमी पडला तर तुम्ही कितीही घोटा, फक्त घट्ट पाक होतो. पाक आटला तर दगड होतो, पण वडी होत नाही. तुमचा पहिला घाणा चिकट आणि दुसरा दगड, या दोन वेगळ्या चुका वाटतात, पण दुखणं एकच: जाळं धरलंच नव्हतं. पहिल्यांदा तुम्ही पाक आधी उतरवला, दुसऱ्यांदा उशिरा.

आता पेरू तोडण्याचं. पेक्टिन सगळ्यात जास्त असतं ते फळ पूर्ण वाढलेलं पण अजून टणक असताना. हिरवा रंग जाऊन साल फिक्कट पिवळसर व्हायला लागते, नख लावलं तर रुततं पण बोटानं दाबलं तर दबत नाही, तेव्हा. फळ पिकत जातं तसतसं त्याच्याच अंगातली विकरं (एन्झाइम) हे पेक्टिन तोडत जातात, म्हणून तर पेरू मऊ होतो. आमच्या सासूबाई म्हणायच्या, "वास उना म्हंजे जाम पिकी गया." वास आलेला पेरू खायला उत्तम, पण नुसत्या त्याचीच वडी करायला गेलात तर बसणार नाही. आणि नुसत्या टणक पेरूंची केली तर वडी बसेल, कापही सुरेख पडतील, पण तोंडात टाकल्यावर पेरूचा वासच येणार नाही. म्हणून मी नेहमी दोन वाटे टणक आणि एक वाटा पिकलेले असं घेते. वजनानं. 3 किलोचा घाणा असेल तर 2 किलो टणक, 1 किलो वासाचे. अति पिकलेले, डागाळलेले, आतून पाणी सुटलेले अजिबात नकोत. तोडल्यावर त्याच दिवशी शिजवायला घ्या. तुमच्या त्या 'दोन दिवसांनी' या शब्दातच निम्मी वडी गेली होती.

कोणत्या बहाराचं फळ हेही महत्त्वाचं. परसातल्या झाडाला मोरीचं पाणी बारा महिने मिळतं, त्यामुळे ते वर्षातून दोनदा-तीनदा फळतं. फेब्रुवारी-मार्चच्या फुलांचं म्हणजे आंबे बहाराचं फळ पावसाळ्यात येतं. ते पाणचट असतं आणि फळमाशीनं बुजबुजलेलं. त्याची वडी करण्यात गॅस घालवू नका. जून-जुलैच्या फुलांचं, मृग बहाराचं फळ थंडीत येतं तेच खरं वडीचं: गर घट्ट, गोडी चांगली, अळी जवळजवळ नाही. तुम्हाला पावसाळी फळ नकोच असेल तर फेब्रुवारीपासून मेच्या मध्यापर्यंत झाडाचं पाणी तोडा. फुलं गळतात आणि मृगाच्या पावसानं भरघोस बहार येतो. बागायतदार हेच करतात, मोरीचा पाट वळवून दोन झाडांनाही करता येईल.

जातीचं विचाराल तर आपल्याकडच्या अंगणांत बहुतेक लखनौ-49 किंवा त्याची पोरं असतात. नाव लखनौचं असलं तरी ही निवड पुण्याच्या गणेशखिंडीतली, सरदार पेरू तो हाच. वडीला छान. तुमचं गुलाबी झाड कोणत्या जातीचं ते बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, पण रंगासाठी ते सोन्यासारखं आहे. बाजारात हल्ली मोठाले, कमी बियांचे, कुरकुरीत पेरू मिळतात. खायला मजा येते, पण माझ्या हाताला त्यांची वडी फिकी लागली. बियांभोवतीचा गर कमी, वास कमी. परसातलं गावठी फळच घ्या.

आता कृती. फळं धुवा, देठ आणि खालचं वाळलेलं फूल काढा, साल काढू नका. चार फोडी करा आणि कापता कापता त्या पाण्यात टाका, ज्यात एका लिंबाचा रस पिळलेला आहे. कापलेला पेरू हवेला लागला की तपकिरी पडतो, आणि तुमच्या काळपट रंगाचं एक कारण तिथंच आहे. सगळं कापून झालं की पाणी निथळून टाका. 1 किलो फोडींना साधारण 200 मिली पाणी घालून कुकरला दोन शिट्ट्या करा. कुकर नको असेल तर झाकून मंद आचेवर 25-30 मिनिटं. साल बोटात चिरडली पाहिजे. इथं एक नियम पाळा: साखर पडण्याआधी फळ पूर्ण मऊ झालेलं हवं. साखर आत गेली की साल मग मऊ होत नाही, तशीच चिवट राहते.

गाळायला पुरणयंत्र काढा. आपल्या खान्देशात खापरावरचे मांडे होतात, म्हणजे पुरणाची चाळणी नाही असं घर नाही. बारीक जाळी लावा. तिच्यातून बी निसटत असेल तर रव्याच्या चाळणीतून दुसऱ्यांदा गाळा. बियांसकट मिक्सरला फिरवू नका. बी फुटली की वडी जन्मभर कचकच करते, ती कितीही गाळली तरी जात नाही. चाळणीवर उरलेला बियांचा चोथा फेकू नका. तो बुडेल इतक्या पाण्यात 10 मिनिटं उकळून ते पाणी फडक्यातून गाळा. ते दाट, किंचित चिकट पाणी म्हणजे पेक्टिनच. पुढच्या घाण्याच्या फोडी शिजवायला साध्या पाण्याऐवजी तेच वापरा.

बचत गटातल्या नव्या बायकांना मी इथं एक चाचणी दाखवते. गार झालेल्या गराचं पातळ पाणी एक चमचा एका पेल्यात घ्यायचं आणि त्यात औषधाच्या दुकानात मिळणारं स्पिरिट दोन चमचे ओतून हलकेच हलवायचं. मिनिटभरात एक घट्ट गोळा झाला तर पेक्टिन भरपूर, तुकडे तुकडे झाले तर कमी. स्पिरिट विषारी असतं, म्हणून तो पेला चाखायचा नाही, लगेच ओतून द्यायचा आणि भांडं घासून टाकायचं. घरात लहान मुलं असतील तर ही चाचणी करूच नका. वर सांगितलेलं दोनास एक प्रमाण पाळलंत तर तिची गरजही पडत नाही.

भांड्याचं आता सांगते, कारण रंगाचं दुसरं कारण तेच असणार. तुम्ही लोखंडी कढई वापरली असं लिहिलंय. भाजीला ती उत्तम, पण पेरूतल्या तुरटपणाशी लोखंडाची गाठ पडली की रंग काळाच होणार. ॲल्युमिनियमही आंबट पदार्थाला नको. जाड बुडाची स्टीलची कढई किंवा नीट कल्हई केलेलं पितळी पातेलं घ्या, पसरट आणि उथळ. उंच भांड्यात वाफ जायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ गर करपत राहतो. एका वेळी 2 किलोपेक्षा जास्त गर घेऊ नका. मोठा घाणा केला तर वेळ वाचतो असं वाटतं, पण उलट आटायला दीड-दोन तास लागतात, वास उडून जातो आणि रंग विटकरीचा तपकिरी होतो.

1 किलो गाळलेला गर कढईत घ्या. आधी नुसताच आटवा, साखर नको. 15-20 मिनिटांत तो शिऱ्यासारखा दाटतो. मग 700 ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ आणि एका लिंबाचा रस घाला. जुन्या कृतींत गराइतकी किंवा त्याहूनही जास्त साखर असते. मी सुरुवातीला तशीच करायची. मग हळूहळू कमी करत 700 वर येऊन थांबले, कारण त्याखाली गेलं की वडी मऊ पडायला लागते आणि फार दिवस टिकत नाही. साखर पडली की गर पुन्हा पातळ होतो, घाबरू नका. आच मध्यम ठेवा. लांब दांड्याच्या लाकडी उलथण्यानं बुडापासून सतत हलवा.

या टप्प्यात गर उडतो. बुडबुडा फुटला की उकळता थेंब हातभर लांब जातो आणि कातडीला चिकटून भाजत राहतो, पाण्यासारखा ओघळून जात नाही. माझ्या उजव्या मनगटावर 2009 सालचा डाग अजून आहे. पूर्ण बाह्यांचं घाला, हाताला जुना पंचा गुंडाळा, मुलांना ओट्याजवळ येऊ देऊ नका.

लिंबाबद्दल थोडं जास्त बोलते, कारण तुमच्या कृतीत लिंबू अजिबात नव्हतं आणि ही दुसरी मोठी गोष्ट. पेरू आपल्याला आंबटगोड लागतो, पण पेक्टिनला जाळं धरायला जेवढा आंबटपणा हवा तेवढा त्यात नसतो. 1 किलो गराला दोन मध्यम कागदी लिंबं, म्हणजे साधारण 40 मिली रस लागतो. लिंबं नसतील तर सायट्रिक ॲसिड अडीच ग्रॅम, पाण्यात विरघळवून. अर्धा रस साखरेबरोबर घालते, कारण त्यानं साखरेचा काही भाग फुटतो आणि वडीत पुढे खडे धरत नाहीत. उरलेला अर्धा उतरवायच्या 5 मिनिटं आधी, कारण आंबटात फार वेळ उकळलं तर पेक्टिनच मोडतं. दोनाच्या जागी चार लिंबं पिळलीत तर मात्र वडी बसेल आणि नंतर पाणी सोडेल. दुसऱ्या दिवशी ताटाच्या कडेला पाक साचलेला दिसला तर समजा आंबट जास्त झालं.

कधी उतरवायचं, हा तुमचा खरा प्रश्न. जॅमला 105 अंश सांगतात, पण वडी त्याच्या बरीच पुढे जाते आणि इतक्या दाट गरात थर्मामीटर नीट दाखवत नाही. एका कोपऱ्यात एक, दुसऱ्या कोपऱ्यात दुसरंच. घड्याळावरही जाऊ नका, कारण फळातलं पाणी आणि आच रोज वेगळी. मी वजनावर जाते, आणि नवीन माणसाला हाच एक भरवशाचा मार्ग आहे असं माझं ठाम मत आहे. घरगुती 10 किलोचा डिजिटल काटा घ्या. रिकामी कढई उलथण्यासकट आधी तोलून ठेवा. समजा ती 2 किलो 100 ग्रॅम भरली. त्यात 1 किलो गर आणि 700 ग्रॅम साखर गेली. आटून आतला माल 1 किलो 100 ग्रॅमवर आला पाहिजे, म्हणजे काट्यावर 3 किलो 200 ग्रॅम. काट्यावर लाकडी पोळपाट ठेवून त्यावर कढई ठेवा, नाहीतर काटा वितळेल. 3 किलो 400 दिसलं तर अजून वेळ आहे, 3 किलो 300 दिसलं की लिंबाचा दुसरा वाटा आणि एक मोठा चमचा साजूक तूप घाला, 3 किलो 200 ला उतरवा. यात साखर आणि फळातला घट्ट भाग मिळून सुमारे पाऊण होतो आणि पाणी पाव उरतं. याच्या अलीकडे वडी चिकटते, फार पलीकडे गेली की दगड. तुमचे दोन्ही घाणे या रेषेच्या दोन बाजूंना पडले होते.

दोन-चार घाणे वजनावर केलेत की डोळ्यांना खूण पटते. उलथणं बुडावरून ओढलं की पडलेली वाट तीन-चार सेकंद तशीच राहते. गर कढईच्या कडा सोडून गोळा होऊन फिरायला लागतो. फुटणाऱ्या बुडबुड्यांचा आवाज बदलतो, टपटप जाऊन एक जड, खोल 'भद्' येतो. थेंबभर गर गार ताटलीत टाकून मिनिटानं बोट लावलं तर बोटाला काही येत नाही. नारळाची वडी ज्यांनी हातानं केली आहे त्यांना हे सांगावं लागत नाही.

तूप लावलेल्या ताटात किंवा केकच्या चौकोनी भांड्यात गर ओता, दीड-दोन सेंटीमीटर जाडीचा. ओल्या उलथण्यानं नाही, तुपाच्या हातानं किंवा वाटीच्या बुडानं सारखा करा. रात्रभर उघडा ठेवा, वर फक्त मलमलीचं फडकं. सकाळी अख्खी वडी उलटून दुसऱ्या ताटात घ्या आणि खालची बाजू दिवसभर हवेला लागू द्या. मग तुपाच्या सुरीनं काप पाडा. आता आपल्या मुलखाचा फायदा सुरू होतो. गोव्याच्या दमट हवेत जे काम अवघड जातं ते आपल्या डिसेंबरच्या कोरड्या हवेत आपोआप होतं. जिथं आपण उन्हाळ्यात बिबडे आणि कुरडया घालतो त्याच खाटेवर पांढरं स्वच्छ कापड पसरून काप मांडा, वरून मलमल. कोवळ्या उन्हात दोन दिवस, रोज एकदा पालटून. वरून बोटाला कोरडे आणि आतून मऊ लागले की झाले. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला हेच केलंत तर एका दिवसात चामडं होईल, म्हणून मी मार्चनंतर वडी करत नाही.

रंगाविषयी तुमच्या मुलीला एक सांगा. क्विन्सचा गर पांढरट असतो, पण तास-दीड तास शिजला की त्यातला तुरट भाग बदलतो आणि आपोआप लाल होतो. आपल्या पांढऱ्या पेरूचं तसं होत नाही. तो कितीही शिजवला तरी मधासारखा आणि पुढे तपकिरी होतो. लाल रंग हवा म्हणून जास्त शिजवणं ही फसवी वाट आहे. गुलाबी पेरूचा रंग मात्र लायकोपीनचा, टोमॅटोत असतो तोच, आणि तो आचेवर टिकतो. तुमच्याकडे दोन्ही झाडं आहेत तर अर्धे-अर्धे घ्या. विटकरी, झळझळीत वडी होईल. खाण्याचा रंग घालू नका, गरजच नाही.

गुलाबी फळं कमी आणि पिकलेलीच जास्त, असं कधी झालं तर माझा आधार कवठ. कवठात पेक्टिनही भरपूर आणि आंबटही भरपूर. महाशिवरात्रीच्या आसपास बाजारात येतं तेव्हा पेरूचा शेवटचा तोडाही असतो. 1 किलो पेरूच्या गराला 150 ग्रॅम गाळलेला कवठाचा गर घाला आणि लिंबू एकच घाला. वास थोडा बदलतो, रंग गडद होतो, पण बसते अगदी ठाम. आमच्या घरात काहींना हीच वडी जास्त आवडते. मला विचाराल तर पेरूच्या वडीत पेरूच लागावा, म्हणून अडचण असेल तेव्हाच कवठ.

गूळ घालून करावी का, हेही तुम्ही विचारलंय. गुऱ्हाळात उसाच्या रसाची मळी काढताना चुना वापरतात, त्यामुळे गूळ आंबटपणा मारतो आणि वडी मऊ पडते, शिवाय पेरूचा वास गुळाच्या वासाखाली दबतो. फार इच्छा असेल तर साखरेच्या जागी पाव हिस्सा गूळ घ्या आणि अर्धं लिंबू वाढवा. साखर निम्मी करायची असेल तर तिला वडी म्हणू नका, पोळी करा: गर पातळ थरात ताटावर पसरून आंब्याच्या साठासारखा वाळवा आणि फ्रिजमध्ये ठेवा. घरात कुणाला मधुमेह असेल तर एक लक्षात ठेवा, 700 ग्रॅमच्या प्रमाणात वडीच्या वजनात निम्म्याहून जास्त साखरच असते.

टिकवण्याविषयी माझा एक जुना घाव सांगते. एका लग्नाच्या रुखवतासाठी 9 किलो वडी केली होती. वेळ नव्हता म्हणून काप कोमट असतानाच प्लॅस्टिकच्या डब्यांत भरून झाकणं लावली. आतली वाफ झाकणाला लागली, थेंब वडीवर पडले, आणि आठव्या दिवशी डबे उघडले तर पांढरी बुरशी. सगळं खड्ड्यात गेलं. आणलेली साखर, दोन दिवसांची मेहनत, आणि त्या घरच्यांसमोर खाली घालावी लागलेली मान. तेव्हापासून काप पूर्ण गार आणि वरून कोरडे झाल्याशिवाय डबा उघडतही नाही. एकेक काप बटर पेपरमध्ये गुंडाळून स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. थंडीत केलेली वडी उन्हाळा संपेपर्यंत बाहेर छान राहते. पाऊस लागला की हवा दमट होते, मग फ्रिजमध्ये. बुरशीचा ठिपका दिसला तर तेवढाच कापून खाऊ नका, तो तुकडा आणि त्याला लागलेले शेजारचे फेकून द्या. कपाटात कोरडी होऊन वर साखरेचे खडे दिसले तर मात्र काही बिघडलेलं नाही, खायला चालते.

गेल्या वर्षीची ती दगड झालेली वडी अजून डब्यात आहे असं तुम्ही लिहिलंय. बुरशी नसेल तर टाकू नका. खलबत्त्यात जाडसर फोडा, 1 किलोला दीड वाटी गरम पाणी घालून झाकून रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी मंद आचेवर विरघळवा, त्यात या वर्षीच्या टणक पेरूंचा अर्धा किलो ताजा गर आणि दीड लिंबाचा रस घाला, आणि काटा जवळ ठेवून पुन्हा आटवा. या मिश्रणात साखर आधीचीच भरपूर आहे, नवीन घालू नका. रंग थोडा गडद राहील, पण जाळं या वेळी धरेल. थंडीचा पहिला तोडा निघाला की सुरुवात याच घाण्यानं करा. जुना माल मार्गी लागेल आणि नव्या फळांआधी हातही बसेल.